मधल्या रेषेवरचं कुंकू

भूतखेत, बाहेरचं — असलं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. रिकाम्या हॉलला लागून खोली असलेल्या बाईला ते परवडतही नाही. शिक्षण चौथीपर्यंत, चार माणसांत तोंड उघडत नाही... म्हणून लिहून ठेवते.

केजच्या बाहेर, मांजरसुंब्याच्या रस्त्याला हा इनडोअर हॉल. शीतल आमची एकुलती मुलगी, तिचे बाबा हॉलचे वॉचमन. उद्घाटनाला ऑर्केस्ट्रा आला तेव्हा आष्टीपासून जीपा भरून माणसं आली होती. पुढं मुलींची कबड्डी सुरू झाली. शीतल चढाईला निघाली की गॅलरी तिच्या नावानं ओरडायची.

मग छत गळायला लागलं. ऑर्केस्ट्रा बंद झाले, सामने तेवढे चालूच. अशाच एका सामन्यात ओल्या मॅटवर शीतलचा पाय घसरला, गुडघा गेला. मधल्या रेषेकडं हात लांबवत ती पडली... हात पोचला नाही. तेव्हापासून तिनं हॉलमध्ये पाय टाकला नाही. बोलणंही सोडलं. पुढं हॉलला कुलूप लागलं, पोरीला त्याआधीच लागलं होतं.

खंडेनवमीला आम्ही कबड्डीच्या कोर्टाची पूजा करतो. ज्यावर पोट, ते हत्यार. यंदा हॉल पाडायचं ठरलं होतं, तरी मी सकाळी ताट घेतलं.

शीतलचे बाबा म्हणाले, "आता कसली पूजा? छत असं गळायलंय, तुझा देव छत्री मागंल."

"शेवटची हाय. करू द्या."

मॅट पुसली. मधल्या रेषेवर ओलं कुंकू ओढलं, नारळ ठेवला. काडेपेटी विसरले होते, म्हणून कुलूप घालून खोलीत आले. हे दाढी करत होते. शीतल झेंडू ओवत बसली होती. तिनं सुई पुढं केली, तीत दोरा घालून दिला आणि निघाले. किल्ली माझ्या कमरेलाच.

दार उघडलं तर... रेषेवरून कुंकवाची पावलं पुढं गेलेली. अनवाणी. शीतल पडली होती तिथपर्यंत जाऊन थांबलेली. परतीचं एकही पाऊल नाही.

मी शीतललाच हाक मारली. का, ते कळत नाही. ती दारापर्यंत आली, बघत राहिली, मग चप्पल काढून आत आली. एका ठशावर पाय ठेवला. नेमका बसला.

"आई, ही माझी हायत."

"तू तर माझ्यापुढं बसलतीस की गं!"

"मग काहून बसतोय पाय?"

ठशाठशानं ती शेवटपर्यंत गेली. वळली. दम धरला, आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत लंगडत आली, वाकून रेषेला हात लावला. मग तिथंच बसून रडली. गुडघा मोडला तेव्हाही रडली नव्हती.

"आले गं आई," एवढंच म्हणाली.

हॉल पाडला. तिथं आता सळया आणि गंजके पत्रे. शीतलचा पाय तसाच आहे, खेळणं काही होणार नाही. संध्याकाळी शेजारणीशी चार शब्द बोलते, तेवढंच. तिचे बाबा म्हणतात, कुणी पोर शिरलं असंल. पण दार एकच होतं, आणि कुलूप मी लावलं होतं. मला अजून उमगलेलं नाही.

शीतलला विचारलं तर म्हणते, "मला कशाला विचारतीस? मी तर तुझ्यापुढं बसलते."