आम्ही पनामाचा कालवा पाहायला निघालो

कालव्याच्या वळणावर गाळ साचतो, तसे आमच्या ऑफिसातले किस्से साचलेत. फरक इतकाच, की गाळ काढायचं टेंडर तरी निघायचं, किस्से कोणी काढून नेत नाही! मी अकोल्याकडच्या एका कालवा उपविभागात हेडक्लार्क होतो. रिटायर झाल्यावरही आम्ही तिघं रोज सकाळी ऑफिससमोरच्याच टपरीवर चहा पितो. मी, आमचे इंजिनियर पाठक साहेब आणि कालवा इन्स्पेक्टर निंबाजी. आम्ही तिघांनी क्रूझवर जायचं ठरवलं, त्या दिवसांतले हे किस्से.

* * *

एक दिवस साहेबांनी टपरीवर एक रंगीत माहितीपत्रक आणलं. मोठं थोरलं जहाज, आणि ते चक्क पनामाच्या कालव्यातून जाणार. साहेब म्हणाले, "जन्मभर एवढासा कालवा सांभाळला. एकदा मोठा पाहून घेऊ."

मला पटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पालक निवडत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"लोकं रिटायर झाल्यावर काशीले जाते, रामेश्वरले जाते. तुमी पुन्हा ड्युटीवरच चालले काय?"

तरी तयार झाली. फक्त एक अट घातली. "तिथं जाऊन कोनाची हजेरी घेऊ नोका!"

* * *

बुकिंगचं ऑफिस अमरावतीला. आम्ही तिघं बसने गेलो. तिथे श्वेता नावाची मुलगी होती, भारी हुशार. तिने विचारलं, "सर, केबिन कोणती? बाल्कनीची, खिडकीची का आतली?"

साहेब म्हणाले, "ते नंतर. आधी कालव्याचा नकाशा दाखवा. कुठे किती उतार आहे, ते पाहू."

"सर, मी फक्त तिकिटं काढते."

"बरं. मग पाणी कोणत्या महिन्यात सोडतात ते सांगा. आपण पोचायचो आणि कालवा कोरडा असायचा!"

श्वेता म्हणाली, "त्या कालव्यात बाराही महिने पाणी असतं, सर. इथे लिहिलेलं आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "बाबू, असं तर आपणही लिहून देत होतो!"

* * *

मग फॉर्म भरायची वेळ आली. शेवटचा रकाना होता, तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. साहेबांनी पेन उघडलं आणि सुरेख अक्षरात लिहिलं, "माननीय कार्यकारी अभियंता यांना, योग्य मार्गाने."

श्वेता गोंधळली. "सर, इथे नातेवाइकाचं नाव लिहितात. मुलगा, मुलगी..."

"पोरी, जहाज बुडालं तर मुलगा काय करणार? आधी वरिष्ठांना कळवावं लागतं!"

आम्ही मुलाचं नाव लिहायला लावलं. साहेबांनी लिहिलं, पण खाली बारीक अक्षरात "प्रत माहितीस्तव" लिहून अभियंत्यांनाही ठेवलंच.

* * *

निंबाजीचं असं, की तो मुळात बोलतो कमी. नोकरीत होता तेव्हा सात नंबरचे फॉर्म त्याच्याकडे यायचे. सात नंबर म्हणजे शेतकऱ्याने कालव्याचं पाणी मागायचा अर्ज. निंबाजी वावर पाहून त्यावर शेरा लिहायचा. छापून उरलेले जुने फॉर्म अजून त्याच्या पिशवीत असतात. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर तो किराण्याची यादी करतो, आणि क्रूझवर न्यायच्या ठेच्याची आणि पापडांची यादीही त्यावरच केली होती.

तर श्वेताने आम्हाला कॉम्प्युटरवर पनामाचा व्हिडिओ दाखवला. जहाज एका हौदात शिरतं. मागचं गेट बंद होतं. पाणी वर येऊ लागतं आणि पाण्याबरोबर जहाजही वर येतं.

निंबाजी पुढे वाकला. "साहेब, पंप कुठी हाये?"

साहेब म्हणाले, "पंप नाही. वरच्या अंगाला तलाव आहे. तिथून पाणी सोडायचं. खालचं गेट लावलेलं असलं, की पाणी फुगतं आणि चढतं."

निंबाजीने तो व्हिडिओ आपल्या मोबाइलवर मागवून घेतला. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं, तेव्हा तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बाबू, गुलाबराव बरोबर होता."

मला लगेच आठवलं. गुलाबरावचं वावर कालव्याच्या काठाला, पण टेकाडावर. दर रब्बीला अर्ज घेऊन यायचा आणि सांगायचा, "निंबाजी, खालचं गेट लावून पाय. पानी फुगन आन् माया वावरात जाईन." गेट लावलं तर खालच्या शेतकऱ्यांचं पाणी अडतं, म्हणून निंबाजीने कधी लावलं नाही. पण अर्जावर तो खरं कारण लिहीत नसे. अठरा वर्षं एकच शेरा लिहिला, "क्षेत्र उंचावर. पाणी चढत नाही. सबब नामंजूर." शेवटी गुलाबरावने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

* * *

तेवढ्यात नवीच अडचण निघाली. श्वेताचा फोन आला, की आमच्या ग्रुपमध्ये एका केबिनला दोन माणसं लागतात. मी आणि साहेब आपापल्या बायकांना घेऊन चाललो होतो. निंबाजीची बायको चार वर्षांपूर्वी गेली. शनिवारपर्यंत दुसरं नाव दिलं नाही, तर निंबाजीचं नाव कटणार होतं.

त्याने पातूरच्या साळ्याला विचारलं. साळा म्हणाला, "जहाज जमिनीवरून जात असन तं येतो!"

टपरीवर सगळे हसले. निंबाजी हसला नाही. त्याला तो कालवा पाहायचाच होता, आणि का पाहायचा होता ते मला कळत होतं. मला वाईट वाटलं.

* * *

शुक्रवारी सकाळी निंबाजी माझ्या घरी आला. "बाबू, स्कूटर काढा. गुलाबरावाजवळ पासपोर्ट हाये. पोरीच्या बायंतपनाले दुबईले जाऊन आला तो."

गुलाबराव ओट्यावर बसला होता. त्याने मला चहा विचारला, निंबाजीकडे पाहिलंही नाही. निंबाजीने मोबाइल त्याच्यापुढे धरला. गुलाबरावने व्हिडिओ एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

निंबाजी म्हणाला, "तुमी बरोबर होते, भाऊ. मले एकट्याले नेत नाई ते. चाला ना माया संग, डोयानं पाहू."

गुलाबरावने मोबाइल हाताने बाजूला सारला. मग म्हणाला, "असं तोंडी चालत नाई. तूच म्हने ना, अर्ज लागते?"

मला वाटलं, संपलं. पण निंबाजीने पिशवीतून सात नंबरचा फॉर्म काढला आणि तिथेच ओट्यावर बसून भरायला लागला. अर्जदार म्हणून त्याने स्वतःचं नाव लिहिलं. पिकाच्या रकान्यात पनामा लिहिलं. मागणीच्या रकान्यात लिहिलं, सोबती एक. खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

गुलाबरावने चष्मा लावला. वरून खालपर्यंत सगळं वाचलं. मग माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं,

"खालचे गेट लावल्यास पाणी चढते. सबब मंजूर."