वरचा मासा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, देवासमोर बोललेलो नाही, आणि चार घोट पोटात असतानाही माझ्या तोंडून कधी निसटलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. फक्त मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं खपत नाही.

आधी माझा राग सांगू द्या. डहाणूच्या चिकू बाजारात मी डोक्यावर करंड्या वाहिल्या, आणि आज त्याच बाजारात माझा शब्द निघेपर्यंत भाव ठरत नाही. सरावलीचं घर माझं. २०१४ साली हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी बसवली, ती मी. त्यात हिरवीगार झाडं लावून घेतली, डिस्कस मासे आणले — बशीसारखे गोल, चपटे, निळ्या-तांबड्या नक्षीचे — तेही मीच. आणि आलागेला काय म्हणायचा? "वहिनींची टाकी काय सुंदर आहे हो!" वहिनींची!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली. मूलबाळ नव्हतं. घरात ती असायची ती कडेकडेने — पंगतीत शेवटी, फोटोत टोकाला. टाकीसमोर मात्र तिची चालच बदलायची. पाणी किती कोमट ठेवायचं, झाडांच्या मुळाशी कसलं खत घालायचं, सगळं तिने विचारून, वाचून शिकून घेतलं. मासे तिच्या बोटांतून खायचे. मी जवळ गेलो की झाडांमागे पळायचे. आणणारा मी, आणि पळायचं माझ्यापासून? हसू येतंय ना तुम्हाला? मला अजून येत नाही.

तिचा एक नियम होता. नवा मासा थेट टाकीत जायचा नाही. महिनाभर मागच्या पडवीत, वेगळ्या टबात. त्या टबाची जाळी वेगळी, बादली वेगळी. म्हणायची, "भाऊजी, नव्याचं सोयर पाळायचं." बाळंतिणीच्या घरी पाळतात तसं — शिवाशिव नाही. मी चारचौघांत थट्टा करायचो, माशांना कसलं आलंय सोयर आणि सुतक!

मग तिच्या एका जोडीने अंडी घातली. टाकीच्या कोपऱ्यात जाळीचा आडपडदा लावून तिने एक मडकं पालथं ठेवलं होतं, त्यावर अंडी. आधी प्रत्येक वेळी आईबापांनीच अंडी खाल्ली होती. या वेळी पिल्लं निघाली — टाचणीच्या डोक्याएवढी, आईबापाच्या अंगाला चिकटलेली. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरची बुळबुळीत साय खाऊन वाढतात. वहिनी स्टूल घेऊन समोर बसून राहायची. वाणगावहून माणसं बघायला येऊ लागली. मोठी झाली की विकायची, असं तिने दोघातिघांना कबूलही करून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं काही होणार होतं. आणि तिने मला विचारलं नव्हतं — हे मला लागलं. इतकंच? हो, इतकंच.

तेवढ्यात आई आजारी म्हणून ती नरपडला माहेरी गेली, सोबतीला बायको आणि पोरगीही; घरात मी एकटा. मी गाडी काढली आणि तलासरीला हायवेवरच्या मासेवाल्याकडे गेलो. तिच्या जोडीहून मोठे, तिच्या जोडीहून लाल मासे मी निवडले. घासाघीस केली. त्याला घाम फोडला. आणि सौदा पटल्यावर, बाजारात करंडीवर चार चिकू वर मागतो तसं म्हणालो, वर एक मासा घाल. तो नाही म्हणाला. मी कोपऱ्यातला एक दाखवला — काळा पडलेला, तोंड काचेला लावून उभा.

"शेठ, ए रहेवा दो ने," तो म्हणाला. "तो खात नाही. घेऊ नका."

मला वाटलं, लबाड, फुकट द्यायचं जिवावर आलंय. मी तो घेतलाच. सांगा, याला शहाणपण म्हणायचं ना? बाजारात मला शहाणाच म्हणतात.

घरी आलो आणि सगळे मासे थेट टाकीत सोडले. वहिनीने दारातून आत येताच बघावं, एवढीच हौस होती.

दुसऱ्या दिवशी सगळे डिस्कस काळवंडले. एका कोपऱ्यात गठ्ठा करून उभे. अंगावरची साय पापुद्र्यासारखी सुटून पाण्यात लोंबायला लागली — तीच साय, जी पिल्लं खात होती. तिला फोन करायला हवा होता. मी केला नाही. काय सांगणार होतो, तुमचं सोयर मोडलं म्हणून? जोडी गेली, पिल्लं गेली, माझे नवे गेले. वरचा तर सगळ्यांत आधी गेला होता.

इथपर्यंत मूर्खपणा म्हणा. मूर्खपणासाठी मी हे सांगायला बसलेलो नाही.

टाकीत बारीक मासेही होते, लाल-निळ्या पट्ट्याचे. त्यांना काहीच झालं नव्हतं. मजेत फिरत होते. आणि मला तर म्हणायचं होतं की वहिनीच्या खताने पाणी नासलं. खताने नासलं असतं तर हे बारीक आधी मेले असते — तिने एका नजरेत ओळखलं असतं. कळतंय ना मी काय म्हणतोय ते? साक्षीदार होते ते.

मी पाइप लावला आणि अख्खी टाकी मागच्या चिकूच्या आळ्यात रिकामी केली. जिवंत माशांसकट. ते मातीत उड्या मारत होते. मी बघत उभा राहिलो, थांबेपर्यंत. मग फावड्याने माती ओढली.

वहिनी आली तेव्हा टाकी कोरडी होती. मी घर डोक्यावर घेतलं. बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणालो, तुमच्या खताने माझा एकूण एक मासा मारला! तिने रिकाम्या टाकीकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती म्हणाली, "भाऊजी, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं." थोड्याच दिवसांत ती कायमची नरपडला गेली. तिला एवढं लगेच खरं वाटलं, याचाही मला राग आला. आजही येतो.

२०१९ मध्ये माझ्या मुलीचं लग्न झालं. हळद कुटायला पहिला हात काकीचाच, म्हणून पोरीने हट्ट धरला. विधवा बाईने कसा लावायचा, म्हणून बायका कुजबुजल्या. पोर सगळ्यांना पुरून उरली आणि मुसळ तिने काकीपुढे धरलं. वहिनीने दोन्ही हात पदराआड घेतले.

"नको ग बाळा. माझ्या हाताला यश नाही."

मांडवातल्या बायकांना वाटलं, ती दादाबद्दल बोलतेय. कुणीतरी डोळे पुसले. ती माशांबद्दल बोलत होती. हे तिला ठाऊक होतं, आणि मला. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो.

मी वळलो आणि ताशेवाल्यावर खेकसलो, "थांबलास का रे? वाजव!"