फियाटची खांदशेकणी

आमच्या कलाआत्याला कुणी "गाडी छान ठेवली हो" म्हटलं की ती तोंडभर हसते, आणि "या वयात चालवता?" म्हटलं की त्याला दारातूनच वाटेला लावते. सत्तरी उलटलेली ही बाई सौंसरात आपली क्रीम रंगाची जुनी फियाट स्वतः चालवते. पदर कमरेला खोचलेला, गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, आणि समोर कुणी आडवं आलं तर हॉर्नपेक्षा तोंडाचा आवाज मोठा. आतोबा गेले तेव्हा संत्र्याची बाग तिच्या गळ्यात पडली. बागेत जायला रोज कुणाच्या विनवण्या करायच्या नाहीत, म्हणून ती गाडी शिकली. तेव्हापासून तिनं कुणाला "मला नेऊन सोड" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

घरचे बैल गेले, दोन ट्रॅक्टर आले, पण पोळा सुटला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूपहळदीनं चोळून शेकायचे, ती खांदशेकणी. आत्या त्या दिवशी दोन्ही ट्रॅक्टर आणि फियाट अंगणात ओळीनं उभी करते, प्रत्येकाच्या बॉनेटला हळद लावते आणि तिघांचंही गिअरचं तेल बदलायला लावते. गेल्या पोळ्याला तिनं दुकानातलं सगळ्यात भारी तेल आणवलं आणि एकाच डब्यातून तिघांना पाजलं.

"एका बैलाले तूप अन् दुसऱ्याले तेल, असं या घरात कधी झालं नाई," ती म्हणाली. आम्ही माना डोलावल्या.

संत्र्याची तोड सुरू झाली आणि फियाट दुसऱ्या गिअरला करकरायला लागली. असा आवाज, की ओट्यावरच्या बाया दचकून बघायच्या. आत्याचा मुलगा रोशन मनानं चांगला, पण भारी उतावळा. त्यानं लगेच निकाल लावला.

"आई, झाली तिची. नवी घेऊ, गिअर आपोआप पडते. घरातल्या सगळ्यांलेच चालवता येईन."

रविवारी नागपूरचं गिऱ्हाईक गाडी पाहायला येणार, हेही त्यानं परस्पर ठरवलं. माझा नुसता जळफळाट झाला. नवी गाडी सगळ्यांची, म्हणजे आत्याला बागेत जायचं तर आधी चाबी कुणाकडे आहे ते विचारायचं!

आत्या एवढंच म्हणाली, "शनिवारी मी पांढुर्ण्याले जाऊन येते. तूही बस बाजूले. एकदा जरी करकरली, त चाबी तुह्या हातात."

दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी, दोघी राजू मिस्त्रीकडे. त्यानं गाडीखाली घमेलं ठेवून गिअरचं तेल सोडलं. उन्हात त्या तेलात सोनेरी चुरा चमकत होता. आत्यानं खाली वाकून तो चिमटीत चोळला.

"राजू, हे काय रे?"

"पितळ आहे, आत्या. गिअर जुळवते ना, ते कडी पितळेची असते."

"अन् ट्रॅक्टरमधी?"

"आपल्या ट्रॅक्टरमधी तशी कडी नाई."

आत्यानं कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच पाजलं वो तिले!"

पोळ्याला आणलेल्या तेलाचा डबा घरून मागवला. त्यावर जीएल-५ लिहिलेलं, जड गिअरसाठीचं. राजूनं समजावलं, त्यात मसाला जोराचा असतो. लोखंडाला मानवतो, पण तापला की जुनं पितळ खातो. आम्ही तडक दुकानात गेलो. दुकानदार एकेक भारी डबा पुढे करू लागला, त्याहून ताकदीचा, त्याहून महाग.

"मले ताकदीचं नको रे बाप्पा," आत्या कडाडली, "तिले सोसेल असं दे! सगळ्यांले एकच पाजलं, तेच त चुकलं माझं."

शेवटी नव्वद नंबरचं जीएल-४ मिळालं, पितळेला चालणारं. डब्यावरचं तिनं वाचलं, मला वाचायला लावलं, राजूलाही. त्यानं तेल भरलं आणि हात पुसत म्हणाला, "तेल बरोबर आहे. पण कडी किती उरली, ते चालवल्यावरच समजन."

शनिवारी आत्या स्टेअरिंगवर, रोशन शेजारी, मी मागे. सौंसर सोडलं, चढ आला. आत्यानं दांडा ओढला. दुसरा पडला. आवाज नाही! रोशन कान लावून बसलेला. पांढुर्ण्याच्या अलीकडे कापसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. लोण्यात सुरी! मी मागून अशी ओरडले, की ट्रॉलीवाला वळून बघायला लागला. आत्या हसली नाही. अजून परतीचा रस्ता बाकी होता.

परतताना मी आनंदानं बडबडत होते, ती मात्र प्रत्येक गिअरला श्वास धरत होती. दारात गाडी थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं चाबी काढली आणि तळहातावर धरून रोशनसमोर केली.

"करकर ऐकली असशीन, त घे."

रोशननं चाबीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

"भाऊ, उद्या येऊ नका. गाडी विकायची नाई." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाई, बंद कायले पडते? आई चालवून राहिली."