आमच्या घरचा राक्षस

माझे वडील राक्षस होते. सिनेमातले. एरवी ते नागपूरच्या इतवारीत कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायचे आणि घरात झुरळ निघालं की मायला हाक मारायचे!

झालं असं, की कुठलीशी फाटकी सिनेमा कंपनी कन्हानच्या काठी शूटिंगला आली. राक्षसाचा नट तापानं फणफणला. पोशाखात मावेल असा उंच माणूस शोधता शोधता त्यांना बाबा सापडले. (पोशाख म्हणजे काळी घोंगडी आणि वर रंगवलेलं कागदी तोंड.) सिनेमा नागपुरात कधी आला, कधी उतरला, कुणालाच कळलं नाही. खुद्द राक्षसालाही तो पाहायला मिळाला नाही.

पुढे बाबा गेले. घरात त्यांचा एकच फोटो, ओळखपत्राचा. त्यात ते फाशीला निघाल्यासारखे दिसतात. माय तो फोटो पुसायची आणि म्हणायची, "हे ते नाहीत गा. मले त्याईले एकडाव हासतानी पाहायचं हाय."

मी पेटलो! गावातल्या सगळ्या व्हिडिओ लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी कामठीला एका दुकानात कॅसेट निघाली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भाऊ. वापस मत लाना."

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून मी भाड्याचा व्हीसीआर सुरू केला. माय अगदी पुढ्यात बसली, डोक्यावर पदर घेऊन.

राक्षस आला. घोंगडीला पाठीवर चेन, मनगटावर घड्याळ!

"अवं, हे तं दादाचं लग्नातलं घड्याळ होय!" मौद्याची आत्या किंचाळली.

राक्षसानं नायिकेला पळवलं, पण साडीचा काठ मळू नये म्हणून तो अलगद वर धरून! रडायला जमलेली माणसं पोट धरधरून हसायला लागली. हसली नाही ती एकटी माय.

"तोंड कवा दिसते गा?"

"दिसन ना, माय," मी ठोकून दिलं. राक्षसाचं तोंड कागदाचं, बाबा दिसणार कुठून? कॅसेट शोधायच्या नादात एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

तेवढ्यात सिनेमातलं गाव राक्षसाला भिऊन पळायला लागलं. आणि त्या गर्दीत, सगळ्यांच्या पुढे, बाबा! माणसं कमी पडली असणार, म्हणून पोशाख उतरवून त्यांनाही पळवलेलं. स्वतःलाच भिऊन पळत होते आणि पळता पळता थेट आमच्याकडे पाहून हसत होते!

"थांबव गा, थांबव!" माय उठलीच. तिनं टीव्हीच्या काचेला हात लावला, तोवर बाबा निघून गेले.

"अजून लाव!"

मी कॅसेट मागे घेतली. बाबा हसले. मायही हसली.

"अजून लाव!" आत्या म्हणाली. "अजून!" अख्खं घर ओरडलं. मलाही पाहायचंच होतं. मागे, पुढे, पुन्हा मागे, मी बटणं बडवत राहिलो. मशिनीत करकर झाली आणि पडदा काळा पडला. झाकण उघडलं तर आत फितीच्या शेवया!

"काहून बंद केलं गा?" माय अजून हसतच होती.

मला रडू कोसळलं. चुरगळलेली फीत कापून चिकटपट्टीनं जोडली, पण गेला तो नेमका तेवढाच तुकडा.

आता दरवर्षी त्या दिवशी ती तोच सिनेमा लावायला सांगते. नातवंडं विचारतात, "आजी, आबा कोनते?" माय राक्षसाकडे बोट दाखवते. पोरं एकदा राक्षसाकडे पाहतात, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना लगेच पटतं.