चाव्या मागणारा केस्ट्रल

केनवडचा बादल लायब्ररी चालवतो, असं गावात कळलं तेव्हा रामराव मास्तर नातवासाठी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागायला थेट दारात हजर. आता त्यांना काय कपाळ सांगावं! लायब्ररी म्हणजे बादलने लिहिलेला एक प्रोग्राम. विजेच्या स्मार्ट मीटरमधले आकडे त्यामुळे कॉम्प्युटरला वाचता येतात. तो कोणीही फुकट न्यावा, बिघडला तर कळवावं, जमलं तर दुरुस्तही करून द्यावा. पण ते ‘जमलं तर’ कोणालाच जमेना. जगभरातून नुसत्या तक्रारी यायच्या, आणि नोकरी सांभाळून त्या निस्तरायला हा एकटा. पार मेटाकुटीला आला होता बिचारा.

अशात केस्ट्रल नावाने एक जण उगवला. खरं नाव नाही, फोटो नाही. न मागता दुरुस्त्या पाठवू लागला, आणि त्याही अगदी नीटनेटक्या. मग एक दिवस म्हणाला, तू थकलेला दिसतोस, मलाही चाव्या दे. चाव्या म्हणजे प्रोग्राम हवा तसा बदलायचा हक्क. उद्या त्याने आत काही खोडी घातली, तर ती गुपचूप हजारो घरांत पोचायची. चाव्या द्याव्या तर भीती, न द्याव्या तर ही मरमर सुटत नाही.

कस्तुराबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्याने आईलाच सारं सांगून टाकलं.

"कोनाचा होय तो?" त्यांनी विचारलं.

"काय मालूम."

"कोन्या गावचा?"

"तेबी नाई मालूम, माय. पन काम लय चांगलं करून राह्यला."

"वावर कोनाले बटईनं कसाले देतानी आपुन इचारतो का नाई, कोनाचा होय म्हनून? मंग याले इचारतानी कायले लाजून राह्यला?"

बादललाही ते पटलं. घ्या! पठ्ठ्याने केनवडचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत लिहून धाडला: तू कोणाचा? आपल्याकडे यात वावगं काही नाही. बाप, गाव, सोयरे कळले की माणूस ओळखीचा होतो. तिकडे मात्र त्याचा अर्थ निघतो, तुला कोणी पाठवलं, कोणाचा हस्तक तू? हे बादलच्या ध्यानात आलं, ते उत्तराची वाट पाहून पाहून थकल्यावर. घाईघाईने खुलासा लिहायला बसला, तर केस्ट्रलने खातंच बंद केलेलं.

चोर होता म्हणून पळाला, की भला होता म्हणून दुखावला? बादलने त्याची एकेक दुरुस्ती पुन्हा उलगडून पाहिली. कुठेच खोट सापडेना. त्याने जिवाला बरं वाटायचं, तर उलट जास्तच वाईट वाटू लागलं.

"गेला त जाऊ दे," कस्तुराबाई म्हणाल्या. "चोरच असंन."

"आन् नसला त?"



दुसऱ्या दिवशी नव्या तक्रारीखाली कोणीतरी विचारलं होतं, हे सगळं तू एकटाच पाहतोस का? बादलने बराच विचार करून लिहिलं, ‘मदतीला एक जण होता. तो कसा होता, ते आता मला कधीच कळायचं नाही.’