मोरोची पाठवणी

पाणथळ संपवून आम्ही वर कोरड्या रस्त्याला लागलो, तेव्हा माझ्या एका बुटात पाणी होतं आणि दुसऱ्यात चिखल. निल्दा पुढे चालली होती. डाव्या हातात मोरोची दोरी, उजव्या बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि त्याच हातात मातेचा भोपळा. माते म्हणजे आमच्याकडचा पानांचा कडू चहा, पोकळ भोपळ्यातून नळीनं ओढायचा; चालता चालता ती तो ओढत होती आणि एक थेंब सांडत नव्हती. मी मागून तियाची दोरी धरून येत होते. म्हणजे लोकांना तसं दिसलं असतं. खरं तर तियाच मला ओढत आणत होती.

"दमलीस का गं, कोमाद्रे?" मागे न बघताच निल्दानं विचारलं. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता होती, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रेच म्हणतो.

"मी नाही. तिया दमलीये."

"तिया दमली की बसते. तू बडबड करतेस. मला फरक कळतो हो."

तिया म्हणजे मावशी. ही मावशी पांढरी, म्हातारी, पोट सुटलेली घोडी. तिच्या गळ्यात पितळेची घंटा, आणि पाऊल टाकलं की ती घंटा वाजायची. मोरो तिच्याकडे कान लावून चालत होता. निळसर राखाडी रंगाच्या घोड्याला आमच्याकडे मोरो म्हणतात. हा तसल्या रंगाचा तरणाबांड घोडा, एल्बिओ लारोसाचा. त्याला आम्ही त्याच्या घरी पोहोचवायला निघालो होतो. याआधी तो दोनदा गाडीत घालून घरी गेला होता आणि दोन्ही वेळा आपल्या पायांनी निल्दाकडे परत आला होता. म्हणून या खेपेला आम्ही चालत निघालो होतो, घोडीसकट.

निल्दा बेंतांकोरला आमच्या गावात कोणी ओळखत नाही असं नाही. सेबोयाती नदीच्या अलीकडे, भातशेतं संपतात तिथे तिची थोडी जमीन आहे. कोणाचा रपेटीचा घोडा लंगडला, कोणाच्या घोड्याच्या पाठीला खोगिराने जखम झाली, कोणाचा चावायला लागला, की तो निल्दाकडे येतो. एका वेळी सहा-सात तरी असतातच. सकाळी आधी माते, मग घोडे. प्रत्येकाच्या पायावरून ती हाताची मागची बाजू फिरवते आणि कुठे गरम लागतंय का ते बघते. मग एकेकाला कामं वाटून देते, सासूनं सुनांना वाटावीत तशी. "तू पाण्यात उभा राहा. तू आज फक्त चर, फार शहाणपणा नको. आणि तू रे दरोडेखोरा, तुला दुडक्या चालीनं रस्त्यावर नेते, बघू किती खोटं लंगडतोस ते." घोडे तिच्या शिव्या इतक्या मन लावून ऐकतात की मला मागे एकदा पाद्रीबाबांची आठवण झाली. रविवारी त्यांचं एवढं कोणी ऐकत नाही.

पोलीसचौकीतला एक घोडा लॉरी दिसली की उधळायचा. निल्दानं काय करावं? काही नाही. त्याला हमरस्त्याकडेच्या कुरणात तियाबरोबर सोडून दिलं. तियाच्या शेजारी जग बुडालं तरी ती घास सोडणार नाही. लॉरी जाई, घोडा दचके, तियाकडे बघे. तिया चरतच असे. हळूहळू तोही चरायला लागला. आता तो लॉरीवाल्यांकडे असा बघतो, जणू त्यांनीच परवाना दाखवायला थांबावं.

तियाशिवाय निल्दाचं काही चालत नाही. आमच्याकडे रीतच आहे ती. खच्ची केलेल्या घोड्यांचा कळप ठेवायचा, त्यात घंटा बांधलेली एक घोडी ठेवायची. मग घोडे बांधावे लागत नाहीत. घंटा वाजते तिथे ते राहतात. नवा घोडा आला की त्याच्या गळ्यात पट्टा घालून तो घोडीच्या पट्ट्याशी अडकवतात. मान मानेला लागून दोघं दिवसरात्र फिरतात, एकत्र चरतात, एकत्र पाणी पितात. मग एक दिवस पट्टा सोडला तरी घोडा तिला सोडत नाही. लग्नगाठच म्हणा की!

मोरोचं दुखणं वेगळं होतं. या गावाहून त्या गावाला लांब पल्ल्याच्या शर्यती होतात, त्यात तो पळायचा. पळता पळता पुढच्या पायाची मागची शीर फाटली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विश्रांती द्या, पण उभा ठेवू नका. हळू चालू दे, रोज चालू दे. आता मोरोला हळू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कोंडला तर दार तोडायचा आणि सोडला तर उधळायचा. मग निल्दानं त्याला तियाच्या गळ्याशी अडकवलं. पहिल्या दिवशी त्यानं हिसके मारले, तियानं त्याला एकदा चावून समज दिली आणि नंतर सगळा हिवाळा तो तिच्या चालीनं चालला. शीर इतकी सुरेख जुळली की डॉक्टरीणबाईंनी निल्दाला मिठी मारली.

बरा करण्याच्या नादात निल्दा एक गोष्ट मात्र विसरली. आमच्या भागातलं शेंबडं पोरही ती विसरणार नाही. एवढे दिवस पट्ट्यात काढले की घोडा त्या घोडीचा होतो.

एल्बिओ गाडी घेऊन आला, मोरोला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरो निल्दाच्या फाटकाशी उभा, छाती तारेनं फाटलेली. तीन कोसांत किती कुंपणं लागतात ते त्यालाच ठाऊक. एल्बिओ हसत हसत येऊन पुन्हा घेऊन गेला. मोरो पुन्हा आला. या वेळी निल्दानं त्याच्या पायावर हात ठेवला. पाय गरम होता.

या खेपेला एल्बिओ हसत आला नाही. "पाय बरा केलास आणि घोडा ठेवून घेतलास, निल्दा. चांगला धंदा आहे."

"तुझा घोडा आहे, ने की. मी काय त्याला पत्र पाठवून बोलावलं?"

"घोडीनं बोलावलं. घोडी कोणाची?"

यावर निल्दा मोरोच्या पायावर गार पाणी ओतायला लागली. मी तिथेच होते, म्हणून सांगते. बादली रिकामी झाली तरी ओततच होती.

एल्बिओ दुकानातही तेच बोलला आणि लोकांना विषयच मिळाला. "निल्दाकडे घोडा देऊ नका रे, घरजावई होऊन बसतो!" मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. पण नदीपलीकडचा एक गृहस्थ आपली घोडी आणणार होता, तो आलाच नाही. निल्दाला मात्र लोकांचं एवढं काही नव्हतं. ती एकच म्हणत राहिली, "पुन्हा कुंपणं उडवून आला तर ती शीर तुटेल, कोमाद्रे. आणि आता तुटली तर जुळायची नाही."

म्हणून ही पायपीट.

रस्त्याच्या कडेला मोठी, पिंपळासारखी सावली देणारी ओंबूची झाडं आहेत, तिथे आम्ही जरा टेकलो. मोरो तियाच्या पाठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मला राहवलं नाही.

"ठेवूनच घे ना त्याला. एल्बिओ वैतागलाय. मागितलास तर देईल."

निल्दानं भोपळ्यात पाणी ओतलं आणि तो माझ्या हातात दिला. "देईल. आणि मी त्याचं काय करू? म्हातारीच्या शेपटीमागे गवत खात ठेवू? तू त्याला पळताना बघितलंयस. मी बरा केला तो कशासाठी?"

मग उठून मोरोच्या मानेवर थाप मारत म्हणाली, "चल रे गाढवा. सासरी चल."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिला ते बरोबर कळलं.

"घे, घे. तू देवाशी बोल, मी दोरी धरते. कामं वाटून घेतलेली बरी."

एल्बिओ फाटकातच उभा होता. हाताची घडी, तोंडात काडी. "आलात? तुम्ही घोडा आणलात की घोड्यानं तुम्हाला आणलं?"

"तुझी तांबडी घोडी बाहेर काढ आणि तोंड आत ठेव," निल्दा म्हणाली. दोघं शाळेत एका बाकावर होते, त्यामुळे असंच चालतं.

त्याची बायको ग्लादिस स्वयंपाकघरात तोर्ता फ्रिता, म्हणजे आमच्याकडच्या जाड पुऱ्या, तळत होती. वास फाटकापर्यंत आला होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडेच होतं. पण पुढे जे झालं ते मी नीट बघितलं. निल्दानं तियाच्या गळ्यातली घंटा सोडली आणि एल्बिओपुढे धरली.

"हे काय?" एल्बिओच्या तोंडातली काडी पडली. "ही तुझ्या बापाची घंटा."

"बाप आता ती वाजवायला येणार नाही. मोरोच्या कानात हीच बसलीये. तुझ्या घोडीला बांध."

"अगं पण तुझे बाकीचे घोडे?"

"ते माझं मी बघते. बांध म्हटलं ना."

तांबडीच्या गळ्यात घंटा गेली. मग पट्टा आला आणि मोरोची मान तिच्या मानेशी अडकली. तांबडीनं लगेच लाथ झाडली. घंटा खणखणली. मोरोनं तियाकडे बघितलं, तर तिया मुकी. घंटा वाजत होती ती त्याच्या कानाशी, भलत्याच घोडीच्या गळ्यात. एवढं गोंधळलेलं जनावर मी कधी बघितलं नाही. मी म्हटलं, देवा, याला शहाणपण दे, आणि जमलं तर या बाईलाही बळ दे.

निल्दा एल्बिओला सूचना देत सुटली. दोघं एका पाटीत तोंड घालून खातील तोवर पट्टा सोडायचा नाही. संध्याकाळी पायावर गार पाणी. पाय गरम लागला तर दुसऱ्या दिवशी फक्त चरणं. डॉक्टरीणबाईंनी बघितल्याशिवाय चौखूर नाही, तुझा वाढदिवस असला तरी नाही.

"मला घोडे कळतात, निल्दा."

"कळतात ना. म्हणून तर माझ्याकडे आणलास."

एल्बिओ हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग जरा खाली बघून म्हणाला, "दुकानात मी जे बोललो..."

"काय बोललास ते मला तिघांनी सांगितलंय. चौथ्यांदा नको. तोर्ता गरम आहेत का अजून?"

आम्ही पोटभर खाल्लं. ग्लादिसनं मला कागदात बांधूनही दिलं. "दोन्या ओफेलिया," ती मला मानानं असंच म्हणते, "पोरीला द्या हो." पोरीला किती पोहोचलं ते देव जाणे.

एल्बिओ गाडीनं सोडतो म्हणाला. पण तिया गाडीत चढत नाही, कधीच चढली नाही. म्हणून पुन्हा चालत. आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि मागे मोरो खिंकाळला. मग पुन्हा. निल्दानं मागे बघितलं नाही. ती मला डाळीचं सूप कसं करावं ते सांगू लागली. आधी कांदा, मग भोपळा, भोपळा आधी घातलास तर लगदा होतो. बावीस वर्षं मी ते सूप करतेय आणि मीच तिला शिकवलंय. मी हो हो म्हणत राहिले.

तिया मात्र सारखी थांबत होती. चार पावलं टाकायची आणि कान वळवायची. आधी मला वाटलं मोरोसाठी. मग कळलं, तिला स्वतःचाच आवाज सापडत नव्हता. निल्दानं मग स्वतः चालता चालता थर्मासवर बोटातली अंगठी वाजवायला सुरुवात केली, टिक टिक टिक. तिया चालायला लागली. आमच्या मागून सायकलवर एक माणूस गेला आणि त्यानं आम्हा तिघींकडे असं बघितलं की मी त्याला ओळख दाखवली नाही.

एल्बिओच्या बाजूनं आमच्याकडे यायला ओढ्याला उतार एकच आहे, आणि तो माझ्या परसामागे. तिथे पोहोचेपर्यंत उन्हं उतरली होती. तिया पाणी प्यायली. मी निरोप घ्यायला वळले तर निल्दा तशीच उभी. पाण्याकडे बघत होती, पलीकडच्या काठाकडे.

"कोमाद्रे, एक काम करशील?"

"सांग की."

"तो आला तर याच वाटेनं येईल. आवाज झाला की तू बाहेर ये. त्याला धर."

"मी? मला नाही बाई धरता येत."

"तुला येतं. दोरी दाखवलीस तर उभा राहतो, मी तसा केलाय त्याला. पायावर हात ठेवून बघ, गरम आहे का. आणि मग एल्बिओला फोन कर."

"आणि तुला?"

निल्दानं तियाची दोरी हाताला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मला नको करूस. मला कळलं तर मी माझं फाटक उघडून त्याला आत घेईन गं. तो आला होता, हे मला कधीच सांगू नकोस."