कान्हेरीच्या माथ्यावर घेतलेलं नाव

नकाशावर भिस्त ठेवणारा माणूस नवरा म्हणून वाईट नसतो, पण त्याच्याबरोबर डोंगर चढू नये. हे शहाणपण मला लग्नानंतर दीड वर्षानं आलं.

आम्ही तेव्हा अंधेरीला राहत होतो. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. नाताळच्या सुट्टीत मढला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात दोन खोल्या आठ दिवसांसाठी घेतल्या होत्या. मी, हे आणि सासूबाई, एवढेच आम्ही. बेटावर राहायला जायचं म्हणून मी केवढी खूष होते! सासूबाई पहिले दोन दिवस सुक्या मासळीच्या वासानं नाकाला पदर लावून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी घरमालकिणीला मेतकुटाची कृती सांगायला लागल्या. कंटाळले ते हे. चौथ्या दिवशी समुद्राकडे पाठ करून म्हणाले, "इथे नुसतं सपाट आहे. उद्या डोंगरात जाऊ."

हे मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. बोरिवलीच्या डोंगराचा एक जुना नकाशा त्यांनी फावल्या वेळात स्वतः कापडावर उतरवून घेतला होता. बोरिवलीहून कान्हेरीची लेणी, लेण्यांच्या वरून माथा ओलांडायचा, तुळशी तलावाच्या अंगानं पलीकडे उतरायचं आणि दिवेलागणीच्या आत मुलुंड गाठायचं. म्हणजे सगळं साष्टी बेट आडवं पार करायचं. नकाशावर ते अंतर वीतभर होतं आणि वाट ठिपक्याठिपक्यांनी काढलेली होती.

"आई इथेच राहतील," मी म्हटलं. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखरा होता.

"कोकणातली बाई आहे गो मी," सासूबाई म्हणाल्या. "मला चढ शिकवतेस?"

पहाटे तरीनं खाडी ओलांडून वर्सोव्याला आलो आणि ऊन तापायच्या आत बोरिवलीहून चालायला लागलो. लेण्यांपर्यंत सगळं झकास होतं. सासूबाईंनी प्रत्येक मूर्तीला नमस्कार केला, ती कुणाची आहे हे न विचारता. एका ओसरीत सतरंजी अंथरून आम्ही दशम्या खाल्ल्या. तिथला राखणदार म्हणाला होता, की पलीकडे उतरू नका, पावसाळ्यानंतर गवत माजलंय, वाट कुणी वापरत नाही आणि बिबळ्याचा वावर आहे. ह्यांनी त्याला नकाशा दाखवला. तो बिचारा त्या कापडाकडे आदरानं बघत राहिला.

माथ्यावर पोचायला एक वाजला. एका बाजूला लांब समुद्राची रेघ, दुसऱ्या बाजूला दोन तलाव. माझे पाय भरून आले होते, सासूबाई तर वाटेत तोडून घेतलेली काठी टेकत एकेक पाऊल मोजून टाकत होत्या. तिथून उतरायला लागलो आणि अर्ध्या तासात वाट संपली. संपली म्हणजे खरंच संपली. पुढे छातीएवढं वाळलेलं गवत, त्याच्यात निवडुंग आणि करवंदीच्या जाळ्या. हे नकाशा उलटा करून बघायला लागले.

"परत फिरू या," मी म्हटलं.

"ठिपके इथूनच जातात."

"ठिपके गवताला माहीत नाहीत."

सासूबाई दगडावर बसून गुडघा चोळत होत्या. हे म्हणाले, "तुम्ही बसा दोघी. मी खाली जाऊन वाट बघून येतो. दहा मिनिटं."

ऊन, तहान, दुखरे पाय आणि त्यांचा तो शांत आवाज. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जा. आणि वाट सापडल्याशिवाय परत येऊ नका."

हे हसले आणि गवतात शिरले. थोडा वेळ त्यांची पांढरी टोपी दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. माझ्या मनगटावर ह्यांनीच घेऊन दिलेलं घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघू नये म्हणून मनगट पदराखाली लपवून बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "किती वाजले गो?" मी म्हटलं, "आताच तर गेलेत." अडीच वाजून गेले होते.

मग मी उभी राहून हाक मारली, "अहो!" मी लग्नाआधी शाळेत शिकवत होते, चाळीस मुलींना-मुलांना दटावणारा माझा आवाज. तो डोंगरात गेला आणि कुठल्या कुठे विरला. "अहोऽऽ!" सासूबाईंनी हाक मारली, "बाळ! बाळऽऽ!" चढानं त्यांचा घसा कोरडा पडला होता, चौथ्या हाकेला आवाजच फुटेना. मी अहो, अहो करत राहिले. एक तास असा गेला. ह्या उतारावरून मी चार पावलं खाली जायची, पायाखालचं गवत घसरायचं आणि सासूबाई ओरडायच्या, "तू जाऊ नको! तू गेलीस तर मी कुणाला शोधू?" मी परत वर यायची. मी तोंडानं काय बोलून बसले होते, ते डोक्यातून जात नव्हतं.

साडेतीनच्या सुमाराला खालून एक बाई वर आली. डोक्यावर लाकडांची मोळी, हातात कोयता. तिथल्याच पाड्यावरची. आमचा ओरडा ऐकून आली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मोळी खाली टाकली आणि म्हणाली, "माझा माणूस नि त्याचा भाऊ खाली ओढ्यात लाकडं तोडतायत. त्यांना सांगते, ते हाका मारतील. नाव काय तुझ्या माणसाचं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

आजच्या मुलींना हे खरं वाटणार नाही. नवऱ्याचं नाव बाईनं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्ही मानत होतो. मानत होतो म्हणजे काय, तपासून बघायची कुणाची छाती होती? लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घ्यायचं तेवढंच, आणि ते देवाच्या साक्षीनं. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वर्गात ह्यांच्याच नावाचा एक मुलगा होता. त्या दिवसापासून हजेरी घेताना मी त्याला नुसत्या आडनावानं पुकारायला लागले. तो गोंधळला, पण ओ द्यायचा.

आणि सासूबाईंचं तर माझ्याहून अवघड. ह्यांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्यांचं. सासऱ्याचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही. म्हणून पोटच्या पोराला त्यांनी जन्मभर बाळच म्हटलं. ते देवाचं नाव आहे. आरतीत आलं की सासूबाई तेवढ्यापुरते ओठ मिटून घेत आणि टाळी वाजवत राहत. अशा आम्ही दोघी त्या डोंगरावर उभ्या होतो, आणि ज्याला शोधायचं त्याचं नाव आमच्यापैकी एकीनंही कधी मोकळ्या तोंडानं घेतलं नव्हतं.

ती बाई आमच्याकडे बघत राहिली. "नाव नाय ठेवलं त्याचं?" ती म्हणाली. "अहो म्हणून कोण ओ देईल? इथे कोण अहो नाय?"

ऊन तिरपं झालं होतं. सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या.

"घे नाव," त्या मला म्हणाल्या.

"आई!"

"घे म्हणते ना. माझ्या गळ्यात आवाज नाही. तुझ्या आहे."

"त्यांचं आयुष्य..."

"कमी होईल ते पुढचं पुढे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि स्वर रागाचा होता. "आधी राहू तर दे."

मी तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. खरंच येईना. जीभ सवयीनं मागे सरत होती. शेवटी लाज सोडून मी लग्नातला उखाणा मनात म्हणायला लागले, आणि त्याच्या शेवटच्या ओळीला धरून एकदम ओरडले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या पटावर असतं तसं पूर्ण. डोंगरानं ते परत माझ्या अंगावर फेकलं. मी शहारले. वाटलं, आत्ताच्या आत्ता कुठेतरी काहीतरी तुटलं असेल.

मग थांबले नाही. एकदा घेतलं तिथे दहादा काय नि वीसदा काय. ती बाई ओढ्याकडे उतरत तेच नाव तिच्या माणसांना ओरडून सांगत होती. थोड्या वेळानं खालून दोन पुरुषांचे आवाज यायला लागले. अनोळखी माणसं माझ्या नवऱ्याला एकेरीत हाका मारत होती आणि मी वरून त्यांच्यात आवाज मिसळत होते. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं नाही.

साडेचार झाले, पाच व्हायला आले. सावली आमच्या पायांपर्यंत आली. माझा आवाज फाटायला लागला होता. मी पुन्हा एकदा पूर्ण नाव घेतलं, आणि डाव्या हाताच्या घळीतून, जिकडे आम्ही कुणीच शोधत नव्हतो, तिकडून अगदी बारीक आवाज आला.

"ओ!"

मी धावले. सासूबाई नको नको म्हणत होत्या. मी घसरत, करवंदीत पदर फाडत घळीच्या काठापर्यंत गेले. खाली दगडांत हे पडले होते. कपाळ फुटलेलं, रक्त वाळून डोळ्यावर आलेलं, उजवा पाय घोट्यातून भलतीकडे वळलेला. गवतावरून पाय सुटून दोन पुरुषभर खोल पडले होते. मला बघून म्हणाले, "वाट नाही सापडली."

मी तिथेच रडायला लागले. मग रागावले. मग परत रडले.

ह्यांनी नंतर सांगितलं ते असं. डोक्याला मार लागून ते गुंगीत होते. अहो ऐकू येत होतं, पण आपण घरी झोपलोय आणि चहासाठी उठवतायत असं वाटलं, म्हणून पडून राहिले. नाव ऐकलं तेव्हा वाटलं, कचेरीत साहेबानं पुकारलं. मग धडपडून ओ दिली. कचेरीपुढे बायकोची काय पत्रास, असं मी आयुष्यभर म्हणत आले, पण त्या दिवशी मला त्या साहेबाचे पाय धरावेसे वाटले.

त्या दोघा भावांनी आमच्या सतरंजीची बांबूला झोळी केली आणि ह्यांना उचललं. ती बाई कोयत्यानं गवत छाटत पुढे. मी मागे. सासूबाई बसत, सरकत, माझा खांदा धरत. ह्यांना धक्का बसला की कण्हणं ऐकू यायचं, आणि ते थांबलं की मला जास्त भीती वाटायची. मग मी पुढे होऊन हात लावून बघायची. एका जागी डावीकडे गवत सळसळलं आणि आम्ही पाचही जण जागच्या जागी थांबलो. काही दिसलं नाही. फक्त सगळ्यांचीच पावलं जलद पडायला लागली. सासूबाईंचा गुडघा त्या वेळी दुखला नाही, असं त्या नंतर सांगायच्या.

मुलुंडला पोचलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. बाजाराच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. ह्यांना बाकावर निजवलं. त्या भावांना आणि बाईला काय द्यावं ते मला सुचेना. मी हातातलं घड्याळ काढलं तर त्या बाईनं मान हलवली. तिला सतरंजी आवडली होती, ती तिनं घेतली.

कंपाउंडर वही उघडून बसला. दौतीत टाक बुडवून त्यानं वर न बघता विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडलं. दिवसभर डोंगराला ऐकवलेलं नाव. आणि मला तेव्हा जी भीती वाटली, ती डोंगरातसुद्धा वाटली नव्हती. आता हे सापडले होते. आता कमी व्हायला आयुष्य होतं.

"द्या, मी लिहून देते," मी म्हटलं आणि टाकासाठी हात पुढे केला.

सासूबाईंनी माझा हात धरला. "तू नको," त्या म्हणाल्या. "तू पुष्कळ घेतलंस. आता मी घेते. माझं काय, वर गेल्यावर मामंजी विचारतील तेव्हा बघू."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, सासऱ्यांसमोर घेत असतील तसा. आणि त्या चिरक्या, बसलेल्या आवाजात त्यांनी आपल्या मुलाचं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर जपून. कंपाउंडरनं ते लिहून घेतलं आणि वय विचारलं. तेही त्यांनी सांगितलं, अठ्ठावीस.

बाकावरून हालचाल झाली. ह्यांनी मान वळवून आईकडे बघितलं. कपाळावर कापसाचा बोळा, डोळे तांबारलेले.

"आई," हे म्हणाले, "तुला येतं माझं नाव?"

"तुझ्या आत्यानं कानात सांगितलं तुझ्या," सासूबाई म्हणाल्या. "पाळण्याच्या पलीकडे मी उभी होते की रे."